वारशात आलेलं सोन्याचं मनगटी घड्याळ : कोकणातल्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात आणि पुढचे आठ-दहा दिवस आमच्या रत्नागिरीच्या दुकानात रुमालात गुंडाळलेली घड्याळं येत राहतात. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाचे बोटीवर, कुणाचे चुलते आफ्रिकेत किंवा आखातात. घड्याळं वेगवेगळी असतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच. वडिलांच्या हाताखाली काम शिकल्यापासून ज्या प्रश्नांची उत्तरं रोज देतो, ती इथे लिहून ठेवली आहेत. एकच विनंती आहे : हे वाचून होईपर्यंत घड्याळाला चावी देऊ नका, चकचकीत करू नका आणि सोनाराकडे नेऊ नका.

घड्याळ नुकतंच हातात आलंय. सगळ्यात आधी काय करू?

जसं आहे तसे त्याचे फोटो काढा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि पट्टा अडकतो त्या चार टोकांचे. उजेड खिडकीतला असू द्या. मग घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. आत्या, मोठी काकू, जो कुणी असेल त्यांना विचारा : हे कुणी घेतलं, कुठून आलं, रोज घालायचे की फक्त लग्नकार्याला? जे सांगतील ते तारीख घालून कागदावर उतरवा. घड्याळ आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण हे सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.

जुना पट्टा कुजलेला असला तरी टाकू नका. त्याचं बक्कल कंपनीचं, कधीकधी सोन्याचंही असतं. रिकामी पेटी, बिलाचा चिटोरा, दुरुस्तीची पावती हे सगळं एकत्र ठेवा.

"ह्यां खऱ्या सोन्याचां आसा मां?" कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही सगळ्यात लांब आहे.

रंगावरून काही कळत नाही. चांगला मुलामा खऱ्या सोन्याहून पिवळा दिसतो, आणि ९ कॅरेटचं खरं सोनं आपल्या २२ कॅरेटच्या दागिन्यांना सरावलेल्या डोळ्याला फिकट, तांबूस वाटतं. घरोघरी इथेच फसगत होते. "हे काही सोनं नाही" म्हणून पोरांना खेळायला दिलेलं ९ कॅरेटचं घड्याळ मी पाहिलंय.

खरी माहिती खुणांमध्ये असते. बहुतेक खुणा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतात, काही पट्टा अडकतो त्या टोकांच्या पाठीमागे. त्या इतक्या बारीक असतात की दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

स्विस घड्याळात ०.७५० किंवा १८ के असा आकडा म्हणजे १८ कॅरेट, ०.५८५ म्हणजे १४ कॅरेट, ०.३७५ म्हणजे ९ कॅरेट. पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, आकडा कुणीही ठोकू शकतो. त्याच्याजवळ सरकारी चित्रखूण आहे का ते पाहा. जुन्या स्विस १८ कॅरेटवर एका स्त्रीचं बाजूने दिसणारं डोकं असतं. ती हेल्व्हेटिया, म्हणजे स्वित्झर्लंडचं स्त्रीरूपातलं प्रतीक. १४ कॅरेटवर शेपटी वर केलेली खार असते. १९९५ पासून या चित्रांऐवजी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. अस्वल किंवा पक्षी दिसला तर ती केस, म्हणजे यंत्राभोवतीचं धातूचं कवच, सोन्याची नसून चांदीची आहे. शिवाय किल्लीच्या किंवा हातोडीच्या आकारात एखादा आकडा कोरलेला असला, तर ती केस बनवणाऱ्या कारागिराची खूण. या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या की मी निर्धास्त होतो.

एडन, मोंबासा, दार-ए-सलाम अशा जुन्या इंग्रजी अंमलाखालच्या बंदरांतून आलेल्या घड्याळांत ब्रिटिश खुणांच्या केस बऱ्याचदा दिसतात. त्यांत ९ आणि ०.३७५ हे आकडे, तपासणी झालेल्या शहराचं चिन्ह आणि एक इंग्रजी अक्षर असतं. नांगराचं चिन्ह असेल तर केस बर्मिंगहॅमला तपासलेली आहे. ते एकटं अक्षर फार मोलाचं. ते वर्षाचं अक्षर असतं आणि शहराच्या तक्त्याशी जुळवलं तर केस कोणत्या वर्षी तपासली ते कळतं. यातल्या पुष्कळ केस बर्मिंगहॅमच्या डेनिसन कारखान्यात बनलेल्या असतात.

आता मुलाम्याकडे. 'प्लाके' हा शब्द, 'मायक्रॉन' आणि आधी १० किंवा २० असा आकडा असेल, तर तो वर चढवलेला थर आहे. 'रोल्ड गोल्ड' किंवा 'गोल्ड फिल्ड' म्हणजे स्वस्त धातूवर दाबून बसवलेला सोन्याचा पत्रा. तो साध्या मुलाम्याहून जाड आणि टिकाऊ असतो, पण भरीव सोनं नव्हे. अमेरिकन केसमध्ये '२० वर्षांची हमी' असं कोरलेलं सापडलं की लोक खूश होतात. ती हमी थर झिजण्याबद्दलची आहे. भरीव सोन्याच्या केसवर अशी हमी लिहायची गरजच नसते.

मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर पुढचा भाग जवळजवळ नक्कीच मुलाम्याचा. याला एक अपवाद आहे. काही चांगल्या कंपन्या स्टीलच्या केसवर सोन्याचं जाड टोपण बसवत, त्याला 'कॅप्ड' म्हणतात.

भिंग नसेल तर पट्टा काढून चार टोकांच्या कडा उजेडात पाहा. मुलामा तिथे आधी झिजतो. खालून पितळी, पांढरट किंवा हिरवट रंग डोकावत असेल तर उत्तर मिळालं. भरीव सोन्यात ओरखड्याच्या आतही तोच रंग असतो.

सोनार म्हणतो, कसोटीवर घासून एका मिनिटात सांगतो. देऊ का?

नाही. दागिन्याची गोष्ट वेगळी, तो पुन्हा घडवता येतो. घड्याळाच्या केसची कड एकदा कसोटीच्या दगडावर घासली गेली की ती कायमची गेली, आणि अ‍ॅसिडचा थेंब फटीतून आत गेला तर यंत्रही गेलं.

कॅरेटमीटर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणारं यंत्र, वापरायला हरकत नाही, त्याने काही झिजत नाही. फक्त हे लक्षात असू द्या की ते यंत्र पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं. जाड थर असेल तर खाली पितळ असूनही ते सोनं सांगेल. म्हणून मोजणी झाकणाच्या आतल्या बाजूवर आणि झिजलेल्या कडेवर, अशी दोन ठिकाणी करून घ्या.

लोहचुंबक लावून बघू नका. पितळही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे कळत काहीच नाही, उलट यंत्र बिघडतं.

केसवर आपला बीआयएसचा हॉलमार्क नाही. म्हणजे खोटं?

मुळीच नाही. भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं आणि जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. त्या सक्तीतून घड्याळं वगळलेली आहेत. तुमचं घड्याळ त्याच्याही कितीतरी आधीचं असणार.

मागचं झाकण घरी उघडू का?

उघडू नका. सुरी, स्क्रूड्रायव्हर, अडकित्त्याचं टोक यांनी उघडायचा प्रयत्न केलेली घड्याळं मला रोज दिसतात. सोनं मऊ असतं आणि सुरी निसटली की ओरखडा कायमचा राहतो. घड्याळजीसमोर बसा, त्याला उघडायला सांगा आणि आतल्या खुणांचे फोटो स्वतः काढा. जाणता कारागीर याला कधीच नाही म्हणणार नाही.

घड्याळ किती जुनं आहे ते कसं कळेल?

केसवरचा क्रमांक आणि आतल्या यंत्रावरचा क्रमांक वेगवेगळे असतात. ओमेगासारख्या कंपन्यांच्या बाबतीत यंत्रावरच्या क्रमांकावरून साल बरंच जवळ काढता येतं. दीड कोटीच्या आसपासचा क्रमांक १९५६ च्या सुमाराचा, दोन कोटींचा १९६३ च्या सुमाराचा. लाँजिनकडे जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, तिथे क्रमांक कळवून विचारता येतं.

क्रमांकाचा उपयोग होत नसेल तर यंत्रच बोलतं. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, मधल्या खड्यावर वीणेच्या आकाराची चिमुकली स्प्रिंग दिसली तर ते धक्क्यापासून वाचवणारं इन्काब्लॉक. म्हणजे घड्याळ १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचं. पट्ट्याच्या जागी तारेच्या डाग दिलेल्या कड्या असतील तर ते १९१०-२० च्या दशकांतलं असू शकतं. डायलच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' अक्षर असेल तर १९६० च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं.

आपल्याकडच्या घरांत काही नावं पुन्हा पुन्हा सापडतात. फाव्हर-ल्यूबाचा भारतातला व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच उभी राहिली. तिची 'सोवार' आणि 'प्रिमा' घड्याळं पोलीसपाटलापासून रेल्वेच्या गार्डापर्यंत सगळ्यांच्या हातावर असत. रोमर, टिटोनी, सँडोज, कॅमी हीही ओळखीची. डायलवर कंपनीऐवजी एखाद्या दुकानाचं नाव असेल तर निराश होऊ नका. पूर्वी मोठी दुकानं स्वतःच्या नावाने स्विस घड्याळं भरवून घेत, आत उत्तम यंत्र निघू शकतं.

डायल पिवळं पडलंय, ठिपके आलेत. रंगवून घेऊ का?

कृपा करून नको. संग्राहक जुन्या घड्याळाची किंमत सगळ्यात आधी डायलवरून ठरवतात. मूळ डायल डागाळलेलं असलं तरी रंगवलेल्या नव्या डायलपेक्षा त्याला मान जास्त. पुन्हा रंगवलेलं डायल ओळखायचं तर अक्षरं पाहा. ती जाडसर असतात, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत, तळाचं 'स्विस मेड' अर्धं कापलेलं किंवा गायब असतं. असं डायल तुमच्या घड्याळावर आधीपासून असेल तर तेही राहू द्या, ते आजोबांनीच करून घेतलं असेल. आपण मात्र नवीन भर घालू नये.

हे डायल पूर्वी अंधारात चमकायचं, आता चमकत नाही. रेडियम घातक असतं म्हणतात?

१९६० च्या दशकापर्यंत चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम वापरत. चमक गेली ती त्यातला रंग थकल्यामुळे. रेडियम अजून तिथेच आहे, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं. बंद घड्याळ कधीमधी हातावर घालण्यात भीती नाही. भीती आहे ती खरवडण्यात, कारण ती पूड श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाता कामा नये. काट्यांवरचा तपकिरी थर टवके होऊन पडत असेल तर घड्याळ उघडू नका, उशाशी ठेवू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि घड्याळजीला आधीच सांगा.

पावसाळ्यात कुठे ठेवू?

कोकणात घड्याळाचा खरा वैरी हा. जुलैत इथली हवा दिवसचे दिवस ८५-९० टक्के ओली असते, आणि खाडीकाठच्या किंवा समुद्रासमोरच्या घरात तिच्यात मीठही असतं. शुद्ध सोन्याला याचं काही होत नाही. पण घड्याळात शुद्ध सोनं कुठे असतं? ९ कॅरेटमध्ये निम्म्याहून जास्त तांबं-चांदी असते, ती काळवंडते. मुलाम्याखालच्या पितळाला हिरवी कीड लागते. आतले पोलादी भाग गंजतात. चामड्याच्या पट्ट्याला आठवड्याभरात बुरशी धरते, आणि ती ओल पुन्हा केसला लागून बसते.

मी सांगतो ती पद्धत साधी आहे. मृग लागायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटच्या कोरड्या दिवसांत, पट्टा काढून वेगळा ठेवा. घड्याळ कोरड्या सुती कापडाने पुसा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका. घड्याळ धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या मलमलीत सैल गुंडाळून आत ठेवा आणि डबा बंद करा. जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे ते कधी भिजलं ते दिसतं. भिजलं की स्वयंपाकाच्या नसलेल्या जुन्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. निळं जेल खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा, शक्यतो नारिंगी घ्या. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर काटा ४०-५० च्या दरम्यान राहायला हवा. श्रावणात दोनदा उघडून जेल बघा, एवढंच.

ज्या गोष्टी लोक प्रेमाने करतात आणि नुकसान होतं, त्याही सांगतो. दागिन्यांची मखमली पेटी ओल धरून ठेवते. डांबराच्या गोळ्यांचा वास उडतो आणि पातळ थर होऊन काचेवर, डायलवर बसतो. रबरबँडमध्ये गंधक असतं, त्याने सोन्या-चांदीवर काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्राचा कागद ओल आणि आम्ल दोन्ही सोडतो. देव्हाऱ्यात ठेवणं मनाला बरं वाटतं, पण तिथे धूर, कापूर आणि तेलाची वाफ असते. आणि तांदळाचा डबा! तांदूळ फारशी ओल शोषत नाही, त्याची पिठी मात्र चावीच्या फटीतून आत शिरते.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर निर्धास्त ना?

चोरीच्या दृष्टीने बरं. पण दोन गोष्टी जाणून घ्या. लॉकरची खोली बंद असते, तिथेही ओल असते, म्हणून वरचा डबा-जेलचा बंदोबस्त तसाच हवा. दुसरी गोष्ट, रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत ती जबाबदारी येत नाही. नदीकाठच्या गावात बँक तळमजल्यावर असेल तर याचा विचार करा.

पुसायचं कसं? दागिने रिठ्याच्या पाण्यात टाकतो तसं चालेल?

नाही. रिठा, शिकेकाई, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर, चिंच यातलं काहीही नको. कोरडं मऊ सुती कापड, फार तर किंचित ओलसर करून केसच्या बाहेरून. चावीच्या खाचेतला मळ मऊ ब्रशने, कोरडाच काढायचा. बस.

घासून नव्यासारखं चमकवून घेतलं तर?

इथे मला माझ्या घरचं सांगावं लागेल. माझ्या आजोबांना मुंबईच्या गोदीतल्या सोबत्यांनी निवृत्तीला वर्गणी काढून घड्याळ दिलं होतं. मागच्या झाकणावर त्यांचं नाव आणि दोन ओळी कोरलेल्या होत्या. मी विशीत असताना घरच्या लग्नासाठी ते बफ करून आणायला दिलं. आलं ते आरशासारखं. अक्षरं जेमतेम बोटाला जाणवतील एवढी उरली होती, पुढच्या खेपेला तीही गेली. त्या ओळी नेमक्या काय होत्या हे आज घरात कुणालाच आठवत नाही.

दर वेळी बफ केल्यावर सोन्याचा एक थर जातो. कडा गोल होतात, खुणा पुसतात, मुलामा असेल तर पितळ उघडं पडतं. ओरखडे राहू द्या. ते कुणाच्या तरी हातावर पडलेले आहेत.

चावी कधी आणि किती द्यायची? जास्त दिली तर स्प्रिंग तुटते ना?

सर्व्हिसिंग झालेल्या घड्याळाला रोज एकाच वेळी, सकाळी अंघोळीनंतर म्हणा, हातावरून काढून सावकाश चावी द्या. जड लागली की थांबा. पुरी चावी दिली की दीड दिवस चालतं. 'जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं' हा समज चुकीचा आहे. तेल सुकून यंत्र अडकलेलं असतं, म्हणून ते पुरी चावी असूनही चालत नाही. जोर करून पुढे फिरवलं तर मात्र तुटेल.

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं घड्याळ दोन वेळा फिरवलं आणि टिकटिक करू लागलं, की लोक आनंदाने ते चालू ठेवतात. तसं करू नका. आतलं तेल डिंकासारखं झालेलं असतं, ते भागांना कानशीसारखं घासतं. चालतंय एवढं कळलं, की थांबवा आणि आधी साफ करून घ्या.

तारीख दाखवणारं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नका. त्या वेळी आतले दाते गुंतलेले असतात.

रोज घातलं तर चालेल?

सणावाराला घाला, लग्नाला घाला, जूनमध्ये घालू नका. घालायच्या आधी अत्तर, सेंट, सॅनिटायझर लावून वाळू द्या. त्याच मनगटावर बांगडी किंवा कडं नको. केस 'वॉटरप्रूफ' लिहिलेली असली तरी आता ती तशी नाही, आतली रबरी वळी कधीच कडक झाली आहे. आणि पट्ट्याच्या पिना दर वर्षी बदला. खाऱ्या हवेत पिन आतून गंजते, एक दिवस मटकन तुटते आणि घड्याळ फरशीवर. पिन काही रुपयांची असते.

काचेच्या आत वाफ धरली आहे. / घड्याळ पाण्यात पडलं. / पुरात भिजलं.

त्याच दिवशी घड्याळजीकडे पोहोचवा. उन्हात, बल्बखाली किंवा हेअर ड्रायरपुढे धरू नका. गरम झाल्यावर आतली वाफ डायलवर जाऊन बसते आणि डाग कायमचा होतो. खारं पाणी असेल तर तासातासाने फरक पडतो. बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसा, चावीला हात लावू नका आणि निघा. कारागीर डायल आणि काटे आधी वेगळे करतो आणि मग यंत्र धुतो.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस गाळाने भरलेली घड्याळं येत होती. लोक आधी घर आवरत होते, ते बरोबरच होतं. दोन-तीन दिवसांत आलेली बरीचशी वाचली. महिन्याने आलेल्यांत पोलादाचा नुसता तांबडा भुगा होता. एवढं सांगून ठेवतो की अशा वेळी घड्याळ उघडून, पाणी निथळवून निदान कोरड्या हवेत ठेवायला कुणा जाणत्याकडे सोपवलं तरी पुढची दुरुस्ती शक्य होते.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी? आणि चांगला घड्याळजी कसा ओळखू?

वापरात असेल तर चार-पाच वर्षांनी. त्याला हे विचारा : सगळे भाग सुटे करणार का, की यंत्र अख्खं पेट्रोलमध्ये बुडवून काढणार? दुसरा प्रकार म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे, त्याने घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. त्याच्याकडे घड्याळ मागे-पुढे किती जातं ते मोजणारं टायमिंग मशीन आहे का? बदललेले जुने भाग परत देतो का? न विचारता पॉलिश करणार नाही ना? काम देताना पावतीवर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या. हा अविश्वास नव्हे, चांगला कारागीर ते स्वतःहून लिहितो. हा धंदा करणारे हात आता कमी होत चाललेत. तुमच्या बाजारात असा माणूस असेल तर त्याला काम द्या आणि घाई करू नका.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं.

बहुधा चुंबक लागलाय. मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, यांच्याशेजारी ठेवलं की हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व घालवणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर मिनिटाभरात ठीक होतं. रोज २०-३० सेकंदांचा फरक मात्र जुन्या घड्याळाला माफ आहे.

आजीचं घड्याळ नखाएवढं आहे, सोन्याच्या साखळीचं. त्याचं काय?

काळजी तीच, फक्त दुप्पट. यंत्र इतकं लहान असतं की त्यावर काम करायला सगळे तयार होत नाहीत. साखळीच्या कड्या आणि कडी-कोयंडा आधी तपासून घ्या, झिजलेली कडी मनगटावरून कधी गेली ते कळत नाही. साखळी आणि केस वेगवेगळ्या कॅरेटच्या असू शकतात, कारण साखळी पुष्कळदा इथल्या सोनाराने नंतर घडवलेली असते. खुणा दोन्हींच्या वेगळ्या पाहा.

आमचं एचएमटी कांचन आहे. सोन्यासारखं दिसतं, पण सोनं नाही म्हणतात.

खरं आहे, कांचनवर सोन्याचा मुलामा असतो. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. लग्नात जावयाला कांचन द्यायचं तर ते मिळवायला ओळख लावावी लागे. घड्याळांचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. सोन्याचा भाव लावून या घड्याळाकडे बघू नका. ते स्वच्छ करून चालू ठेवा. यंत्र दणकट आहे आणि त्याचे भाग अजून मिळतात.

मोडीत दिलं तर सोनं किती निघेल?

आधी आकडा सांगतो, मग मत. पुरुषांच्या १८ कॅरेटच्या पातळ घड्याळाच्या केसमध्ये साधारण ८ ते १५ ग्रॅम सोनं असतं. १० ग्रॅमची केस धरली तर शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. ९ कॅरेटच्या तेवढ्याच वजनात पावणेचारच. काच, यंत्र, डायल यांचं वजन सोनार वजा करतो, ते अर्थातच योग्य आहे.

आता मत. वितळवलं की मूस फक्त सोन्याचे पैसे देते. चांगल्या कंपनीचं, मूळ डायल असलेलं घड्याळ जाणकाराकडे त्याहून पुष्कळ जास्त किमतीला जाऊ शकतं. घरात अडचण असेल आणि विकावंच लागत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण अख्खं विका, आणि आधी दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा. केस सोनाराला आणि यंत्र भंगारात, असं करून आलेल्या लोकांना मी पुढे तेच घड्याळ शोधत फिरताना पाहिलंय.

बिल नाही. काही अडचण येईल?

जुन्या घरातल्या वस्तूंची बिलं कुणाकडेच नसतात. आजोबांच्या हातावर ते घड्याळ दिसणारा लग्नाचा फोटो, मृत्युपत्रातला उल्लेख, जुनी दुरुस्तीची पावती, हे सगळं पुराव्याच्या कामाचं. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेनुसार झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. एका घड्याळातल्या दहा-पंधरा ग्रॅमसाठी कुणाची झोप उडू नये. विकताना कराचा प्रश्न येतो, तो तुमच्या सीएला विचारा.

घड्याळ शंभर वर्षांहून जुनं असेल आणि परदेशातल्या मुलाकडे पाठवायचं असेल, तर मात्र थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरावस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करा.

आम्ही तीन भावंडं, घड्याळ एक.

काही घरांत ते दर गणपतीला ज्याच्या घरी उत्सव त्याच्याकडे राहतं. काही घरांत एकाने घेतलं आणि बाकीच्यांना सोन्याच्या भावाने पैसे दिले. जे ठरेल ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि ज्याच्याकडे राहील त्याने पावसाळ्याआधी डबा भरायची जबाबदारी उचलावी. लॉकरवर नॉमिनी असणं म्हणजे मालकी नव्हे, हेही सगळ्यांना सांगा.

दुरुस्त होत नाही म्हणाले, भाग मिळत नाहीत. आता?

एका जागी नाही म्हणाले म्हणून थांबू नका. आतल्या यंत्राचा कॅलिबर क्रमांक, म्हणजे यंत्राच्या प्रकाराचा क्रमांक, लिहून घ्या. तो बहुधा बॅलन्स व्हीलच्या खाली किंवा पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कोरलेला असतो. एकच यंत्र अनेक कंपन्यांनी वापरलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याच नावाच्या मोडक्या घड्याळातून हवा तो भाग निघू शकतो. मुंबईत जुन्या घड्याळांचे भाग जमवणारे कारागीर अजून आहेत. तरीही जमलं नाही, तर काढलेला प्रत्येक तुकडा, तुटका का असेना, छोट्या पुडीत बांधून घड्याळासोबत त्याच डब्यात ठेवा आणि पुडीवर कॅलिबर क्रमांक लिहा. पुढे कुणाला जोडीचं यंत्र सापडलं तर त्याला ते लागतील.